लॉट घ्या, पण दिवस मोजून

दिवाळी संपली की आठवड्याभरात दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती येऊ लागतात. ‘नामांकित कंपन्यांचे गिफ्ट पॅक, एमआरपीवर सत्तर टक्के सूट, फक्त रोख, माल मर्यादित.’ खाली छतापर्यंत पेट्या रचलेल्या गोदामाचा व्हिडिओ. मार्चअखेरीला हेच, आणि पाऊस सुरू झाला की सरबतं आणि थंड पेयांच्या बाबतीत पुन्हा हेच. हे वाचून ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी मी लिहितोय. गल्लीतला किराणावाला, बचत गटातल्या ताई, नोकरी सुटल्यावर गाठीचे चाळीस-पन्नास हजार घालून काहीतरी सुरू करू पाहणारा तरुण. उरलेल्या आणि तारीख जवळ आलेल्या मालाचा धंदा वाईट नाही. तो करावा, आणि नीट केला तर चांगलं अन्न उकिरड्यावर जाण्यापासून वाचतं. माझी विनंती एवढीच की सुटीचा आकडा बाजूला ठेवून उरलेले दिवस मोजा, आणि ते दिवस गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा.

हा माल उरतो कसा, ते आधी समजून घ्या. एजन्सीवाल्याला महिनाअखेरीला टार्गेट पुरं करायचं असतं. कंपनीचा माणूस येतो आणि चारशे पेट्या गळ्यात मारतो. बाजार उचलतो दोनशे. उरलेल्या दोनशे गोदामात पडून राहतात. सणाचं खोकं सण सरला की कुणी घेत नाही, आतला माल उत्तम असला तरी. वेष्टन बदलतं, वजन बदलतं, एकावर एकची स्कीम संपते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, नूडल्स, सॉस यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या एमआरपीचा माल कसा खपवायचा, ही चिंता गोदामागोदामात होती. मोठ्या मॉलवाल्यांना आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना तर लांब तारखेचाच माल लागतो. २०२४ च्या अखेरीस एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात माल पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के किंवा निदान ४५ दिवस तरी शिल्लक असले पाहिजेत. त्याखाली उतरलेला माल खायला चांगला असूनही तिथून बाहेर पडतो आणि भिवंडीच्या किंवा तसल्याच एखाद्या गोदामातून तुमच्या-आमच्याकडे यायला निघतो.

शिवाय कराचं एक कारण आहे. माल नष्ट केला किंवा फुकट वाटला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, सोडावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे माल फेकला तर एजन्सीवाल्याचा मालही जातो आणि वजावटही जाते. त्यापेक्षा पडेल भावाला विकलेला त्याला परवडतो. हे लक्षात ठेवून बोलणी करा. ‘आजच उचला, उद्या नाही मिळणार’ असं तो म्हणत असला तरी घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. आठ दिवस गेले की माल त्याच्याच गळ्याशी येणार आहे.

आता हिशेबाकडे वळू, कारण बहुतेक जण बुडतात ते इथेच.

समजा, चाळीस रुपये एमआरपीच्या फरसाणाचा लॉट आलाय. पाकिटं १२००, तारखेला ४५ दिवस बाकी, भाव पाकिटाला १४ रुपये, पण सगळा उचलावा लागेल. चाळीसची वस्तू चौदाला मिळतेय म्हटल्यावर मन हरखतंच. कागद घ्या. १२०० गुणिले १४, म्हणजे १६,८०० रुपये. टेम्पोचं भाडं आणि हमाली मिळून ९०० धरा, झाले १७,७००. तुमच्या दुकानात या जातीचं फरसाण एरवी रोज आठ पाकिटं जातं. अर्ध्या किमतीत, वीस रुपयांना लावलं, तर वीस जाईल असं धरू. पण ४५ दिवस विकता येईल का? नाही. शेवटचे दहा दिवस सोडूनच द्या, कारण दोन दिवसांनी तारीख संपणारं पाकीट समजूतदार गिऱ्हाईक घरी नेत नाही, आणि नेऊही नये. उरले ३५ दिवस. वीस गुणिले पस्तीस, ७०० पाकिटं. गल्ल्यात आले १४,००० रुपये. म्हणजे ३,७०० रुपयांचा तोटा, आणि वर ५०० पाकिटं दुकानात पडलेली.

त्याच माणसाला सांगा, मला ६०० पाकिटंच हवीत, भाव सोळा देतो. ९,६०० चा माल, भाडं-हमाली ६००, एकूण १०,२००. ती सहाशे तीस दिवसांत वीस रुपयांनी विकली जातात, आले १२,०००. नफा १,८०० रुपये. जास्त भावाने घेतलेला छोटा लॉट फायद्यात आणि कमी भावाने घेतलेला मोठा लॉट तोट्यात! म्हणून लॉट बघायला जाण्यापूर्वी तीन आकडे खिशात असू द्या: माझ्याकडे रोज किती खपतं, गिऱ्हाइकाला घरी संपवायला किती दिवस लागतात, आणि ते वजा करून माझ्या हातात किती दिवस उरतात. तिसरा आकडा खपाने गुणला की तुमची खरेदीची मर्यादा निघते. तिच्या पलीकडे एकही पेटी घेऊ नका, भाव कितीही खाली येवो.

खप वाढवायचा एक रास्त मार्ग आहे. आपलं गिऱ्हाईक बदला. घरगुती गिऱ्हाईक सॉसची एक बाटली महिनाभर पुरवतं; खानावळवाला तीच दोन दिवसांत संपवतो. वसतिगृहाची मेस, कारखान्याचं कॅन्टीन, चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, लग्नाच्या पंगती करणारे आचारी यांना तारखेला तीन आठवडे असलेला माल अजिबात अडचणीचा नसतो. लॉट घेण्याआधी अशा चार-पाच जणांशी बोलून ठेवा. माल आल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालात तर रोज एक दिवस वाया जाईल, आणि या धंद्यात दिवस हेच भांडवल आहे.

एमआरपीच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा कंपनी स्वतःच छापते. नावाजलेल्या मालावर किराणा दुकानदाराला मुळात दहा टक्क्यांच्या आसपासच सुटतं, त्यामुळे असा ताजा, लांब तारखेचा माल कुणी सत्तर टक्के सुटीने देत असेल तर त्यात काहीतरी पाणी मुरतंय. उलट अनोळखी छापाच्या मालावर २०० ची एमआरपी छापून तो बारा महिने ६० लाच विकला जातो. तिथे ‘सत्तर टक्के सूट’ ही सूटच नाही. जवळच्या बाजारात, मग तो वाशीचा असो, पुण्याच्या मार्केट यार्डातला भुसार बाजार असो की तुमच्या तालुक्याच्या गावचा, तीच वस्तू लांब तारखेची काय भावाने मिळते, हे विचारून या. तुलना त्या भावाशी करायची.

यूट्यूबवर इंग्लंडमधल्या दुकानांचे व्हिडिओ बघून काही तरुण मला विचारतात, तिकडे तारीख गेलेला माल उघड विकतात, आपण का नाही? तिथला कायदा वेगळा आहे. ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला माल तिथे विकता येतो, ‘यूज बाय’ उलटलेला येत नाही. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी पाकिटावर एक्स्पायरीची किंवा ‘यूज बाय’ची तारीख बंधनकारक केली आहे आणि ती उलटली की विक्री बंद. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ प्रमाणे तारीख उलटलेला माल पुरवणारा वितरक जबाबदार आणि विकणारा दुकानदारही जबाबदार. ‘मला वरूनच असा आला’ हे उत्तर चालत नाही.

आणि त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी लॉटच्या धंद्यातल्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावी. माल कुणाकडून आला हे सांगता आलं नाही, तरी विक्रेता जबाबदार धरला जातो. म्हणून पक्कं बिल. ‘बिलाशिवाय घेतलं तर दोन रुपये कमी’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. कलम २६ मध्ये तर बिल हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली आहे. म्हणजे दोन रुपयांसाठी तुम्ही हमी सोडता. बिनबिलाचा माल चोरीचा निघाला, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील ते वेगळंच. बिलावर बॅच नंबर आणि संपण्याची तारीख लिहून मागा. बऱ्याच जागी कुरकुर करतात, पण देतात. विकणाऱ्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर बिलावर आहे का बघा आणि एफएसएसएआयच्या परवान्यांच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर तो टाकून तपासा. नाव, पत्ता, मुदत तिथे दिसते. तुमची स्वतःची नोंदणी किंवा परवानाही हवाच. घरातून विकणाऱ्या बचत गटालाही यातून सूट नाही, आणि छोट्या विक्रेत्यांची नोंदणी तशी सोपी आहे.

पैसे आगाऊ पाठवू नका. फोटो बघून, फोनवर बोलून ‘निम्मे टाका, गाडी सुटते’ म्हणणाऱ्यांनी किती जणांना गंडा घातलाय, ते दुकानदारांच्या कुठल्याही बैठकीत विचारा. माल डोळ्यांनी बघा, हाताने हलवा, मग पैसे.

बघायचं म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो. गोदामवाला समोरची, वरची पेटी उघडून दाखवेल. ती बघा, पण घ्या तळातली आणि मधली. पेटीचे खालचे कोपरे बोटांनी दाबा. मऊ लागले तर ओल चढलीय. टेपवर दुसरी टेप आहे का? पेटी एकदा उघडून परत बंद केलेली असते तेव्हा जुन्या टेपच्या कडा खाली दिसतात. पेटीवरचा बॅच नंबर आणि आतल्या पाकिटावरचा एकच आहे का? मग पाकीट उजेडात धरा. तारीख सहसा बारीक ठिपक्यांची, मशीनने मारलेली असते, आणि पेटीतल्या सगळ्या पाकिटांवर साधारण एकाच जागी. अंगठ्याने जोर देऊन घासा. शाई सहज उठली, आसपासची चकाकी गेलेली दिसली, किंवा पेटी उघडताच थिनरचा वास आला, तर हात जोडून निघून या. जुनी तारीख थिनरने पुसून छोट्या प्रिंटरने नवी मारणाऱ्या टोळ्या दिल्लीसह काही शहरांत पोलिसांनी पकडल्या आहेत. तसला माल शेवटी कुठल्या तरी लहान दुकानातच जातो. तारखेची जागा स्टिकरने झाकलेली असली तर मुळीच घेऊ नका. किंमत कमी केल्याचं स्टिकर नियमात बसतं, पण त्याखाली मूळ एमआरपी झाकली जाता कामा नये.

शेवटी एक पाकीट फोडा आणि खा. उभ्याउभ्या तुकडा तोंडात टाकून उपयोग नाही. चावून, जिभेवर ठेवून बघा. तळलेला जिन्नस खवट झाला असेल तर चव घशाशी रेंगाळते. पाकिटावरची तारीख कंपनीने सांगितल्याप्रमाणे माल थंड, कोरड्या जागी ठेवला असेल तरच खरी असते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेलं फरसाण तारखेच्या आधी खवट होतं, चॉकलेटवर पांढरट थर येतो, पावसाळ्यात ओलसर भिंतीला लागून ठेवलेली बिस्किटं मऊ पडतात. साबण, उदबत्ती, फिनाइल यांच्या शेजारी ठेवलेल्या चहाला आणि रव्याला तो वास लागतो आणि जात नाही. म्हणून तारखेइतकंच, माल कुठे ठेवला होता हे विचारा, आणि जमलं तर ती जागा बघा.

काही जिन्नस लॉटमध्ये घेऊच नका. लहान बाळांचं दूध आणि बाळांचा आहार, कितीही स्वस्त असो, नको. बाळाच्या दुधाच्या पावडरीची विक्री वाढवायला आमिष दाखवणं १९९२ च्या कायद्याने बंद आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. चीज, लोणी, गोठवलेले पदार्थ यांची थंड साखळी मध्ये कुठे तुटली हे तुम्हाला कळणार नाही. फुगलेला डबा, फुगलेला टेट्रापॅक, चेपलेल्या शिवणीचा डबा हे परत करण्याचे प्रकार आहेत, सुटीने घेण्याचे नाहीत. परदेशी लेबलांचा माल दिसला तर त्यावर आयातदाराचं नाव आणि भारतातला एफएसएसएआय नंबर बघा. नसेल तर तो मागच्या दाराने आलेला आहे.

नवख्यांनी चहा, नूडल्स, बिस्किटं, सॉस, जॅम यांपासून सुरुवात करावी. यांचा खप ठाऊक असतो आणि बिघाड जिभेला चटकन कळतो.

आता विक्री. इथे मी आग्रहाने बोलणार आहे.

तारीख जवळ आलेला माल नेहमीच्या फळीवर लांब तारखेच्या मालात मिसळू नका. वेगळी मांडणी करा, वर पाटी लावा: ‘तारीख जवळ आहे म्हणून स्वस्त.’ खाली मोठ्या अक्षरांत, मराठीत, संपण्याची तारीख. गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते ना? पळत नाही. फसवलं गेल्याचं नंतर घरी कळलं तर मात्र ते कायमचं जातं आणि शेजारच्या चार घरांना घेऊन जातं. आजोबा-आजी दोघंच राहतात आणि बारा पाकिटं मागताहेत, तर विचारा, ‘आजी, वीस दिवसांत संपतील का? चार न्या, लागली तर परत या.’ चार पाकिटांचा गल्ला बुडेल, पण ती आजी पुढच्या महिन्याचा सगळा किराणा तुमच्याकडे भरेल.

आणि आठवडी बाजारांबद्दल. शहरात खपेना म्हणून शेवटच्या आठवड्यातला माल टेम्पोत भरून आडगावी, पाड्यांवर नेऊन विकण्याची वाईट रीत पडलीय. तिथली माणसं इंग्रजी आकड्यांची बारीक तारीख वाचत नाहीत; काही पाकिटांवर थेट तारीख नसते, ‘पॅकिंगपासून सहा महिने’ असं असतं आणि तो हिशेब करायला पॅकिंगची तारीख दुमडलेल्या कडेत शोधावी लागते. तक्रार करायला कुणी शहरात येणार नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच तो तिथे जातो. ज्या पोराच्या हातात आई महिन्यातून एकदा पाच रुपयांचा पुडा ठेवते, त्या पुड्यातली बिस्किटं खवट निघावीत? बाजारात जा, स्वस्त माल तिथे हवाच आहे, पण महिनाभर तारीख असलेला न्या आणि तारीख मोठ्याने वाचून सांगा. बचत गटाच्या बायकांनी हे काम केलं तर गावात त्यांच्या शब्दाला किंमत येते. मी हे होताना पाहिलंय.

उरलेल्याचं काय करायचं, हेही घेतानाच ठरवा. तारखेला दहा-बारा दिवस राहिले की वसतिगृहाला, अन्न वाटणाऱ्या एखाद्या संस्थेला फोन करा आणि उरलेले दिवस स्पष्ट सांगून द्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी अनाथाश्रमाच्या दारात पेट्या उतरवून फोटो काढू नका. आपल्या घरी ठेवला नसता असा माल तिथेही देऊ नये. तारीख उलटली की ती पाकिटं त्याच दिवशी फळीवरून काढून वेगळ्या क्रेटमध्ये, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तीच पाकिटं विक्रीच्या मालात सापडली तर तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही. भंगारवाल्याला अख्खी पाकिटं देऊ नका, कचऱ्याच्या डब्यातही अख्खी टाकू नका. तिथून उचलून, तारीख पुसून तीच परत बाजारात येतात. अशा मालाचा माग राहावा म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने उत्पादक आणि आयातदारांना परत आलेल्या, तारीख गेलेल्या मालाची आणि त्याच्या विल्हेवाटीची माहिती दर तीन महिन्यांनी ऑनलाइन भरायला सांगितली. तुम्ही लहान असलात तरी एक वही घाला: काय आलं, कुणाकडून, किती विकलं, किती नष्ट केलं. पाकिटं कात्रीने कापा, आतला माल ओल्या कचऱ्यात, वेष्टन सुक्यात.

आणि कुणी तारीख पुसून विकतोय असं कळलं तर गप्प बसू नका, तो ओळखीतला असला तरी. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, एफएसएसएआयचा १८००-११२-१००. फोन करण्यापूर्वी पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर टिपून घ्या, बिल असेल तर जवळ ठेवा, आणि ते पाकीट फोडू नका.